नंदाकडे ठेवलेला

नंदकुमार कोचरेकर हे नाव पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास एकच विचारायचा, "अष्टमीचा जन्म का?" नंदू मान हलवून "नाही, वैशाखातला" एवढंच सांगायचा आणि विषय बदलायचा. अंधेरीच्या विमा कंपनीत आमची टेबलं एकमेकांना लागून होती, त्यामुळे हा प्रश्न आणि हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं की त्यामागे काही असेल असं माझ्या कधी मनातही आलं नाही.

आमच्या वयाच्या पुरुषांत नंदकुमार म्हणजे पैशाला पासरी. आम्ही जन्मलो त्या काळात मुलाच्या नावामागे 'कुमार' लावायची एक लाटच आली होती. श्रावणात पोरगा झाला आणि गोकुळाष्टमी जवळ असली की नंदकुमार. मोठ्या मुलीचं नाव नंदा असलं की पाठच्या भावाचं नंदकुमार. काही सुचलंच नाही तरी नंदकुमार. पाळण्यात एवढं लांबलचक नाव ठेवायचं आणि घरी आणल्यावर त्याचं नंदू नाहीतर नंद्या करून टाकायचं. आमच्या ऑफिसात तिघे होते. एक कॅशमधला, तो कॅशनंदू. दुसरा युनियनचा, त्याला सगळे नेते म्हणायचे. आणि आमचा हा क्लेम विभागातला, नुसता नंदू. आता कुठल्या बारशाला हे नाव ऐकू येत नाही. आमची पिढी जाताना ते बरोबर घेऊन जाणार, असं दिसतं.

नंदूचे वडील धोंडिराम कुर्ल्याच्या गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार होते. वेंगुर्ल्याकडचं कोचरं हे त्यांचं गाव. घाटकोपरला भटवाडीत चाळीची एक खोली. धोंडिरामांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून त्यांच्या आईने त्यांना धोंडू म्हटलं. दगडधोंड्याकडे कोण कशाला बघेल, असा त्या माउलीचा हिशेब. तो खरा ठरला, धोंडिराम ऐंशीच्या पुढे जगले. त्यांची बायको रुक्मिणी, म्हणजे नंदूची आई, नवऱ्याचं नाव कधीच घेत नसे. नंदूला शाळेत घालायला गेली तेव्हा क्लार्कने बापाचं नाव विचारलं. ती पदर सारखा करत नुसती उभी राहिली. क्लार्कने पुन्हा विचारलं. शेवटी तिने पोराला कोपराने ढोसलं आणि नंदूने खणखणीत आवाजात सांगितलं, "धोंडिराम." ही गोष्ट नंदू फार आनंदाने सांगायचा. बापाचं नाव घरात मोठ्याने घेणारा मी एकटाच, असं म्हणायचा.

बाकीचं त्याने मला बऱ्याच उशिरा सांगितलं, आम्ही दोघंही निवृत्त झाल्यावर.

सातवीत मराठीच्या मास्तरांनी समास शिकवायला घेतला आणि उदाहरणाला वर्गातलंच नाव घेतलं. नंदकुमार, नंदाचा कुमार, षष्ठी तत्पुरुष. मग मास्तरांना रंग चढला. ते म्हणाले, गंमत बघा, कृष्ण काही नंदाचा खरा मुलगा नव्हे. तो वसुदेवाचा. नंदाने त्याला वाढवला. त्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा, नंदूच्याच चाळीतला, सहज बोलून गेला, "सर, आमचा नंद्यापण तसाच आहे." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. चाळीत सगळ्यांना जे ठाऊक होतं ते त्याने सांगितलं. ठाऊक नव्हतं ते फक्त नंदूला.

तो घरी आला तेव्हा आई भाकऱ्या करत होती. त्याने दप्तर न काढता विचारलं. आईने मान वर केली नाही. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी तिने ती उलटली नाही. वडील पहिली पाळी करून आले होते, खाटेवर पडले होते. ते उठले, पायात चपला घातल्या आणि पोराला घेऊन खाली उतरले. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी त्याला सरळ सांगून टाकलं. तू जयंतीमावशीचा. तिच्या पोटचा. तू व्हायच्या वेळी तिच्या नवऱ्याला क्षय झाला होता. डॉक्टर म्हणाले, तान्हं पोर या घरात ठेवू नका. आमच्याकडे मूल नव्हतं, झालेली तिन्ही गेली होती. आम्ही तुला आणलं.

नंदूने विचारलं की मग मी कोणाचा.

"गोकुळात कृष्णाक कोणी इचारल्यान, तू कोणाचो म्हणान?" धोंडिराम म्हणाले. "तो नंदाचोच."

एवढं बोलून त्यांनी त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून लिमलेटच्या गोळ्या घेऊन दिल्या आणि दोघं वर आले. त्या घरात हा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

जयंतीमावशी ही रुक्मिणीची धाकटी बहीण. खारदांड्याला, कोळ्यांच्या घरांमागे भाड्याच्या खोलीत राहायची आणि शिवणकाम करायची. तिला नंदूच्या आधीचा एक मुलगा होता, जयवंत, नंदूपेक्षा चार वर्षांनी मोठा. दोन बहिणींचं येणंजाणं बेताचंच होतं. गणपतीला, लग्नाकार्यात भेट व्हायची. सगळं समजल्यानंतरही नंदू तिला मावशीच म्हणत राहिला आणि तीही मावशीसारखीच वागायची, उलट इतर भाच्यांपेक्षा त्याच्याशी जरा बेतानेच. दुसऱ्या पोरांच्या गालावरून हात फिरवायची. याला लांबूनच म्हणायची, जेवलास का नंदकुमार. साऱ्या नातेवाइकांत त्याला पूर्ण नावाने हाक मारणारी ती एकटी. बाकी सगळ्यांचा तो नंदू होता. त्याला ते लागायचं. पोस्टमनने हाक मारावी तसं वाटतं, असं तो मला म्हणाला होता.

पुढे सगळं रीतसर झालं. पदवी झाली, विमा कंपनीत नोकरी लागली. गिरणी बंद पडली तेव्हा घर त्याच्याच पगारावर चाललं. मुलुंड पूर्वेला जागा घेतली. मधुवंतीशी लग्न झालं. ती टपाल खात्यात होती, हसरी, बोलकी बाई. लग्नात बायकांनी आग्रह केला तेव्हा तिने उखाणा घेतला:

"गोकुळाच्या वाटेवर यमुनेचा तीर,
नंदकुमाररावांसाठी सोडले मी माहेर."

नवऱ्याचं एवढं सुंदर नाव उखाण्यात घ्यायला मिळालं म्हणून ती खूश होती. घरात मात्र ती त्याला नुसतं "अहो" म्हणायची आणि रागावली की "ओ कोचरेकर".

त्यांना मूल झालं नाही. तपासण्या झाल्या, देवधर्म झाला. मग एक दिवस मधुवंतीने विचारलं की आपण संस्थेतून एखादं मूल आणूया का. तिला वाटलं होतं, जगात कोणी हो म्हणेल तर तो हा माणूस. नंदू नाही म्हणाला. तिने कारण विचारलं, त्याने सांगितलं नाही. तिने पुन्हा विचारलं, मग ती रडली, मग काही महिने दोघं कामापुरतं बोलत होते. मग तिने तो विषय सोडून दिला. संसारातलं तेवढं एकच मोठं भांडण, असं नंदू सांगायचा. कारण त्याने मला सांगितलं, तिला नाही. तो म्हणाला, ते पोर एक ना एक दिवस शाळेतून येऊन दारात उभं राहिलं असतं. दप्तर न काढता. मला ते बघवलं नसतं.

मी म्हटलं, अरे, पण तुझे वडील खाली घेऊन गेलेच ना तुला.

तो म्हणाला, "ते गेले. मी गेलो असतो की नाही, मला माहीत नाही."

धोंडिराम गेले, मग रुक्मिणी गेली. निवृत्तीनंतर दोन वर्षांतच मधुवंतीला कर्करोग झाला आणि तीही गेली. त्यानंतर मुलुंडच्या त्या घरात नंदू एकटा राहिला. एकटा म्हणजे अगदी एकटा. सोसायटीत तो काका होता, बँकेत सर, वॉचमनसाठी तीनशेदोनवाले. मी भांडुपला राहतो, आठवड्यातून एखादी चक्कर टाकायचो. एकदा त्याने दार उघडल्या उघडल्या मी "काय नंदू" म्हटलं, तर तो म्हणाला, "चंदू, तू मागच्या वेळी आलास त्यानंतर हे नाव आज ऐकतोय." तक्रारीने नाही म्हणाला. पंखा बिघडलाय हे सांगावं तसा म्हणाला. माणूस म्हातारा होतो तेव्हा त्याला अरेतुरे करणारे आधी जातात, हे मला त्या दिवशी कळलं. मलाही आता नावाने हाक मारणारी दोनतीन माणसंच उरली आहेत, त्यातला एक नंदू.

दोनेक वर्षांपूर्वी जयवंतचा फोन आला. तो तोवर बोरिवलीला स्थायिक झाला होता. बायको वारलेली, मुलगा केतन बंगळूरला. जयंतीमावशी त्याच्याकडेच होती, नव्वदीला टेकलेली. तिचं विसरणं फार वाढलं होतं. दिवसभराची बाई ठेवली होती, पण तिला आठवड्यातून एक सुट्टी हवी आणि नेमकं त्याच दिवशी जयवंतला पायाच्या व्यायामाला जावं लागे. नातलगांपैकी मोकळा असा कोणी त्याला आठवेना. त्याने नंदूला सरळ विचारलं, येशील का रे दुपारपुरता? बसून राहायचं फक्त. नंदू हो म्हणाला.

मग तो दर आठवड्याला घोडबंदर रोडने जाणाऱ्या बसने बोरिवलीला जाऊ लागला. जाताना कधी मऊ चिकू, कधी पपई नेई. मावशी खिडकीपाशी खुर्चीत बसलेली असे. तिचं शिवणाचं मशीन कधीच काढून टाकलं होतं, पण हातांना सवय राहिली होती. पदराचं टोक घेऊन ती तासन्‌तास दुमडत बसे, जणू आता हेम घालणार. नंदू तिला भरवायचा, तोंड पुसायचा. ती मालवणीत बोलायची, कधी गावच्या विहिरीबद्दल, कधी खारदांड्याच्या सुक्या मासळीच्या वासाबद्दल. नंदूला ती कधी जयवंत म्हणे, कधी डॉक्टर, कधी काहीच नाही. नंदकुमार मात्र एकदाही म्हणाली नाही. आयुष्यभर जी हाक त्याला परकी वाटत आली होती तिची तो आता वाट बघायला लागला होता. हे त्याने मला सांगितलं नाही, पण दर वेळी तिकडून आल्यावर आज तिने काय काय नावं घेतली याची हकीकत तो सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "माझं नाही घेतलं."

एका दुपारी तो तिला दूधपोहे भरवत होता. तिने मध्येच त्याचा हात धरला. पकड घट्ट होती. चेहऱ्याकडे निरखून बघत तिने विचारलं, "तू कोणाचो रे?"

नंदू मला म्हणाला, की उत्तर जिभेवर आलं होतं. "तुझा" म्हणायचं होतं. घरात कोणी नव्हतं. ऐकणारी ती एकटी, आणि तीही थोड्या वेळात विसरून जाणारी. काय बिघडलं असतं. पण तोंडून निघालं ते दुसरंच.

"धोंडिरामाचो," तो म्हणाला.

तिने हात सोडला. मग अगदी शांतपणे, निरोप द्यावा तशी म्हणाली, "आक्काक सांग. मी परत मागूचंय नाय."

आक्का म्हणजे रुक्मिणी. नंदूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने विचारलं, काय मागायचं नाही मावशी? पण ती पुन्हा पदर दुमडायला लागली होती. पोहे तसेच राहिले.

जयवंत व्यायामाहून परत आला तेव्हा नंदूने त्याला हे सांगितलं. जयवंत मोकळाढाकळा, फटकन बोलून टाकणारा माणूस. पण त्या दिवशी तो आधी आत गेला, चहा टाकला, दोन कप घेऊन बाल्कनीत आला आणि दार ओढून घेतलं. म्हणाला, "तुला खरंच माहीत नाही? मला वाटायचं तुला माहितीये आणि तू मुद्दाम तो विषय काढत नाहीस."

मग त्याने सांगितलं. जयंतीचा नवरा आरोग्यधामातून बरा होऊन आला, कामाला लागला. नंदू तेव्हा चार वर्षांचा होता, जयवंत आठ. एक दिवस जयंती जयवंतला घेऊन भटवाडीच्या चाळीत गेली. जाण्याआधी तिने नंदूसाठी एक शर्ट शिवला होता. त्याचं माप तिला ठाऊक नव्हतं. जयवंतच्या जुन्या शर्टावरून अंदाजाने बेतला होता.

"तुझे बाबा होते घरी," जयवंत म्हणाला. "आई त्यांना म्हणाली, हे आता बरे झालेत, मी माझ्या मुलाला न्यायला आलेय. ऐकल्याबरोबर माझी मावशी, म्हणजे तुझी आई, उठून मोरीकडे गेली. आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. तुझे बाबा म्हणाले, पोराला विचार. तो आला तर ने. मग आईने तुला समोर घेतलं आणि विचारलं, तू कोणाचो रे नंदकुमार? तू म्हणालास, धोंडिरामाचो. मला आठवतंय, एकदम जोरात म्हणालास. चाळीत हरवलास तर सांगता यावं म्हणून शिकवलं असणार तुला. आईने शर्ट तिथेच ठेवला आणि उठली. खारला उतरल्यावर घरापर्यंत मी विचारत होतो, नंदू का नाही आला."

नंदूने विचारलं, शर्ट कसला होता.

"ते नाही आठवत रे."

नंदूलाही काही आठवत नव्हतं. तो शर्ट कधी अंगात घातल्याचंसुद्धा नाही. रुक्मिणीने तो कुठे ठेवला, कोणाला दिला, हे विचारायला आता कोणी उरलं नव्हतं.

निघताना जयवंत त्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. तिथे उभं असताना तो म्हणाला, "तुझं नाव आईने ठेवलंय, हे तरी माहितीये ना?"

हेही नंदूला माहीत नव्हतं. त्याची समजूत होती की नाव धोंडिरामांनी ठेवलं. त्या दिवशी रस्त्यावर त्यांनी जे सांगितलं होतं त्यावरून त्याने तसंच धरलं होतं. जयवंतला ही गोष्ट जयंतीनेच सांगितली होती, त्याचे वडील वारले त्या वर्षी. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. धोंडिरामांच्या बहिणीने आपल्या वडिलांचं नाव ठरवून ठेवलं होतं. कानात सांगायला ती पाळण्यावर वाकली, तेवढ्यात जयंती म्हणाली, नाव मी सांगते, बाकी काही मागत नाही. नंदकुमार ठेवा. आत्या जरा नाराज झाली, पण नाही कोण म्हणणार. रुक्मिणीला तर रडूच आलं. बहिणीने आपल्या तोंडाने मूल आपलं केलं, नंदाचं म्हटलं, असं तिला वाटलं.

"सगळ्यांना तेच वाटलं," जयवंत म्हणाला. "पण आईच्या मनात ते नव्हतं. ती मला म्हणाली, कंसाच्या भीतीने पोर नंदाकडे ठेवलं होतं, दिलं नव्हतं. भीती गेली की न्यायचं होतं."

बस आली. नंदू चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला बोलावून घेतलं. मी गेलो तेव्हा तो दाढी न करता बसला होता, जे मी कधी पाहिलं नव्हतं. त्याने सगळं सविस्तर सांगितलं. पूर्ण नाव का घ्यायची, ते आता कळलं म्हणाला. नंदू म्हटलं की नुसतं लाडाचं नाव होतं, त्यात काही अर्थ राहत नाही. तिला तो अर्थ रोजच्या वापरात ठेवायचा होता. आधी आठवण म्हणून, की हा परत आणायचा आहे. आणि त्या दिवसानंतर कदाचित स्वतःला बजावायला, की हा नंदाचाच.

मग तो म्हणाला, "चंदू, दोनदा विचारलं तिने मला. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. चार वर्षांचा होतो तेव्हाचं सोड. पण काल?"

मी म्हटलं, तू खोटं नाही बोललास.

"खोटं बोललो असतो तर चाललं असतं रे," तो म्हणाला. "आणि खोटंही नव्हतं ते."

मी उठून चहा केला. त्याच्या घरात साखर कुठे असते हे मला माहीत होतं, तेवढाच माझा उपयोग.

त्यानंतर तो बोरिवलीला जात राहिला. मावशीने तो प्रश्न पुन्हा विचारला तर या वेळी काय सांगायचं, ते त्याने ठरवून ठेवलं होतं. तिने विचारला नाही. बोलणं कमी कमी होत गेलं. दिवाळीनंतर ती अंथरुणाला खिळली आणि माघात, एका सकाळी, बाई तिचे केस विंचरत असताना गेली.

खांदा द्यायला जयवंतने नंदूला पुढे घेतलं. मी गेलो होतो. स्मशानातून आल्यावर जयवंत मोबाइल घेऊन वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर लिहीत बसला. केतन बंगळूरहून येऊन पोचला होता, तो शेजारी होता. जयवंतने मान वर करून नंदूला विचारलं, "तुझं नाव टाकू ना? मुलगे म्हणून? जयवंत आणि नंदकुमार."

खोलीत आम्ही चौघंच होतो. केतनला हे काही माहीत नसावं, तो गोंधळून बापाकडे बघत राहिला.

नंदू म्हणाला, "नको. भाचा लिही."

"अरे आता कोण काय म्हणणारे? कोण उरलंय?"

"म्हणूनच नको," नंदू म्हणाला. "आईला विचारायला हवं होतं. तिला न विचारता नको."

ही आई म्हणजे रुक्मिणी, हे जयवंतला कळलं, मलाही कळलं. जयवंतने भाचा लिहिलं. छापून आलं ते असं: भाचा नंदकुमार धोंडिराम कोचरेकर. इतरांची नावं नुसती नाव आणि आडनाव होती, नंदूने मात्र बापाचं नाव मध्ये घालायला सांगितलं होतं.

मला वाटलं होतं, यानंतर हे दोन भाऊ जवळ येतील. थोडे दिवस तसं झालंही. जयवंत रविवारी फोन करायचा. एकदा मुलुंडला येऊन जेवूनही गेला. नंदूने कोलंबीची कढी केली, मला बोलावलं. पण त्या वयात भाऊ म्हणून सुरुवात करायची म्हणजे कशी, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. लहानपण वेगवेगळ्या घरांत गेलेलं. आठवणी काढायच्या तर एकच सामाईक, आणि तीही एकालाच आठवणारी. जेवण झाल्यावर दोघं क्रिकेट बघत बसले. जाताना जयवंत म्हणाला, तुझ्या हाताला आईची चव आहे. नंदूने विचारलं, कुठल्या. जयवंत हसला, पण नंदू खरंच विचारत होता.

पावसाळ्याआधी केतनने ठरवलं की बाबांनी आता एकटं राहायचं नाही. बोरिवलीची जागा विकली गेली. जयवंतने मुलुंडला येऊन निरोप घेतला. टॅक्सी खाली थांबवून ठेवली होती, त्यामुळे तो वर बसला नाही. दारातच उभ्या उभ्या बोलला. तिकडे ये, महिनाभर राहा, केतनकडे मोठं घर आहे. नंदू हो हो म्हणाला. जयवंत जिना उतरला आणि नंदूने दार लावून घेतलं.

हे त्याने मला फोनवर सांगितलं, त्याच दिवशी दुपारी. मी येऊ का विचारलं. नको म्हणाला, ऊन फार आहे, उगाच कशाला. मग मी विचारलं, जेवलास का.

"जेवलो ना. सकाळचा भात होता, ताकाबरोबर खाल्ला."

त्याच्या घरातला पंखा खडखडत होता, तो फोनमधून ऐकू येत होता. मग तो म्हणाला, चल ठेवतो, आणि तरी त्याने ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.